मोसंबीचं आवडतं खेळणं

प्रेम मोजता येतं, हे मानवजातीला प्रथम सांगलीत कळलं. लळा, माया, आसक्ती असा जो प्रांत हजारो वर्षं कवींच्या ताब्यात होता, तो पक्षीमानस संशोधन केंद्राच्या तळमजल्यावरच्या एका यंत्राने विज्ञानाच्या हवाली केला. या यंत्राने मोजलेलं पहिलं उत्कट प्रेम टॉयलेट पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीवर जडलेलं होतं.

प्रेम करणारी होती मोसंबी, केंद्रातली पिवळ्या डोक्याची बजी, चिमणीएवढी पाळीव पोपटीण. नळी आणली होती डॉ. हमीदा मुजावर यांनी. आणि ते पाहून ज्यांचे कान लाल झाले, ते डॉ. पद्माकर हसबनीस त्या यंत्राचे जनक होते.

हसबनीसांचं दुःख समजण्यासारखं होतं. मोसंबी पिल्लू असताना त्यांनी तिला ड्रॉपरने भरवून वाढवलं होतं. तिच्यासाठी त्यांनी एक स्वयंबोधी खेळणंही घडवलं होतं. ते आपल्याच मर्जीने रंग बदलत असे, तिच्याच आवाजात शीळ घालत असे आणि हत्तीने पाय दिला तरी तुटणार नव्हतं. मोसंबी त्याच्यावर बसे ती केवळ शिटण्यासाठी.

"मॅडम, हा कचरा पिंजऱ्यात कुणी टाकला?"

"मी. पण कचरा नाही हं सर. छपाई नाही, सुगंध नाही, पिन नाही. आत मक्याची सालं कोंबलीत, कणकेच्या खळीने चिकटवलंय. चुकून तुकडा पोटात गेला तरी भीती नाही."

"आणि ही दोरी?"

"सुती आहे, बोटभरच. लांब ठेवली की पाय अडकतो, हे तुम्हीच शिकवलंत की मला."

स्वतःच शिकवलेलं आपल्यावर उलटलं की माणूस चष्मा पुसतो. हसबनीसांनी पुसला.

त्यांचं यंत्र, म्हणजे ओढमापक, पक्ष्याच्या मेंदूतल्या आसक्तिकेंद्राच्या लहरी दुरूनच टिपत असे. पक्षी ज्याच्याकडे बघेल त्याच्याविषयीची ओढ पडद्यावर शंभरापैकी दिसे. पुठ्ठ्याची नळी होती एक्याऐंशीवर. स्वयंबोधी खेळणं चारवर.

"चारच का?" हसबनीसांनी विचारलं. आवाज अगदी शास्त्रीय ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

"कारण चोच मारली तरी ते जसंच्या तसं राहतं," मुजावर म्हणाल्या. "पक्ष्याची ओढ रूपावर जात नाही सर, परिणामावर जाते. चोच मारली की समोर काहीतरी बदललं पाहिजे, तेही दर वेळी निराळं. पुठ्ठा फाटतो, साल लोंबतं, भोक पडतं. हे माझ्यामुळे झालं, एवढं तिला पुरतं. ज्याच्यावर आपलं काहीच चालत नाही, त्याच्यावर कोण जीव लावेल?"

"माणसं लावतात," हसबनीस म्हणाले. ते अविवाहित होते.

केंद्राचे संचालक डॉ. मगदूम दारातून हे ऐकत होते. "भांडताय कशाला? प्रकल्प संपत आलाय. मोसंबीला कुणीतरी घरी न्यायचंच आहे. यंत्र आहे की आपलं! दोघांपैकी जिच्याकडे नाहीतर ज्याच्याकडे ओढ जास्त, त्याच्या घरी पक्षी. संपला विषय."

विषय संपला नाही, तिथून तो सुरू झाला. मुजावर रोज काहीतरी करून आणू लागल्या. करवंटीचा झोका, केळीच्या सोपटाची वेणी, शेवग्याच्या डहाळ्यांची माळ. हसबनीस पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि जळत. मोसंबीने वेणीचा धागा उपसला की त्यांच्या मिशा थरथरत. झोक्यावर बसली की ते उभे राहत. एका करवंटीला "सवत" म्हणणारे ते बहुधा पहिलेच शास्त्रज्ञ. त्यांनी स्वतःही एक माळ ओवून पाहिली. ती बघून मगदूम म्हणाले, "छान आहे. काय आहे?"

मोजणीच्या दिवशी मुजावर आधी उभ्या राहिल्या. मोसंबीने त्यांच्याकडे पाहिलं. अडतीस.

मग हसबनीस. त्यांची मान आधीच खाली होती. मोसंबीने मक्याचं साल टर्रकन फाडलं आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. पडद्यावर आकडा उमटला, सत्त्याण्णव.

"आयला! बिघडलं काय हो?" मगदूम म्हणाले.

मुजावर मात्र हसू लागल्या. "यंत्र ठीक आहे. सर, ती हे सगळं फाडते ते तुमच्याकडे बघण्यासाठी. एक तुकडा काढला की कान लाल, दुसऱ्याला मिशा, तिसऱ्याला चष्मा. बिचाऱ्या पुठ्ठ्याला फाटण्यापलीकडे काय येतं? तिचं खरं खेळणं तुम्ही आहात."

"घरगुती आणि परवडणारं," मगदूम म्हणाले.

हसबनीस मोसंबीला घेऊन घरी गेले. ओढमापकही नेला. इतके सुखी ते आयुष्यात कधी झाले नव्हते. आपण प्रिय आहोत याचा पुरावा हाती आल्यावर मत्सर कशाचा करायचा? मोसंबी साल फाडून त्यांच्याकडे बघे. ते हसत. ती पुन्हा फाडे. ते पुन्हा हसत, तसंच.

आकडा उतरू लागला. सिद्धांत त्यांना पाठ होता, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. त्यांनी आरशासमोर जळण्याचा सराव केला. कान मात्र हुकमाने लाल होईनात, आणि मिशा खोट्याच हलवण्याला मोसंबी एकदाच फसली. शेवटी ओढ इतकी खाली आली की हसबनीस आपल्याच स्वयंबोधी खेळण्याच्या पंक्तीला जाऊन बसले.

रविवारी सकाळी मुजावरांच्या दाराची घंटा वाजली. दारात हसबनीस, हातात पिंजरा.

"अहो सर! बरी आहे ना ती?"

"ती बरी आहे. मीही बरा आहे, तीच तर अडचण झालीय." त्यांनी सगळं सांगितलं. मुजावरांनी हसू दाबत पिंजरा आत घेतला.

"मग आता काय करायचं म्हणता?"

हसबनीस चप्पल काढता काढता थांबले.

"काही विशेष नाही. तिला एखादी माळ करून द्याल का? माझ्यापेक्षा सुबक. आणि देताना माझ्याकडे बघून जरा हसा, मला झोंबेल असं."