वाकणवाडीची तेवीस माणसं

इसवी सन २०७१ मध्ये मानवाने स्वतःला मोजण्याची निर्दोष पद्धत शोधून काढली. ती त्याने रानडुकरांवरून उचलली होती.

वाघाला पट्टे असतात, त्यामुळे फोटोवरून एकेक वाघ ओळखता येतो. डुकरं सगळी सारखी. म्हणून झाडांना कॅमेरे बांधायचे, समोरून डुक्कर किती वेळा गेलं ते बघायचं, आणि एक डुक्कर दिवसाला सरासरी किती चालतं त्यावरून एकूण डुकरांचा अंदाज काढायचा. याचं नाव ‘फेरीगणित’. पुढे जनगणनेला शिक्षक मिळेनात, तेव्हा सरकारने त्याच कॅमेऱ्यांवर माणसंही मोजायला घेतली. आकडा विसाच्या खाली आला की गाव ‘रिकामं’. मग एसटी बंद, वीज बंद, फिरता दवाखाना बंद.

वाकणवाडीचा आकडा गेल्या वर्षी एकतीस होता, यंदा तेवीस. आठ माणसं गेली कुठे, हे बघायला डॉ. शर्वरी मोकाशी स्वतः आल्या. फेरीगणित त्यांनीच रचलेलं.

थांब्यावर दौलू सुतार उभे होते. निवृत्त वनमजूर, वय अठ्ठ्याहत्तर.

“मामा, बाकीची मंडळी?”

“मीच की. सा वर्सं झाली, येकटाच हाय.”

“मग दिवसभर करता काय?”

“कॅमेरं पुसतो. कोळिष्टकं लई धरत्यात. नोकरीत सायेब म्हनलं हुतं, रोज पुसायचं. बंद कर म्हनून कुनी सांगितलंच न्हाई. रोज दोन खेपा व्हायच्या. यंदा गुडघा धरलाय, दीडच हुत्यात.”

शर्वरीबाईंनी मनात भागाकार केला. दोन खेपांची एकतीस माणसं, दीड खेपेची तेवीस. आठ जण कुठेही गेले नव्हते. मामांचा गुडघा दुखत होता. खेपा एकीवर आल्या की साडेपंधरा, आणि गाव रिकामं.

“आणि डुकरं? आमच्याकडे एकशे चाळीस दिसतात.”

“येकच हाय. माझ्या मागनं हिंडतंय. भाकरी टाकतो न्हवं!”

बाई थांब्याच्या कट्ट्यावर बसल्या.

“पन बाई, तुमच्या हापिसाचं उपकार मोटं,” मामांनी हात जोडले. “येका मानसासाठी एसटी येतीया. डाक्टरीनबाईंनी डोळं करून दिलं, म्हनून कोळिष्टक दिसतंय. येकट्याची येवढी काळजी कोन घेतंय सांगा?”

उत्तर बाईंना ठाऊक होतं. 

मग त्यांनी अहवाल भरला. ‘माणसं तेवीस. सर्वांना प्रत्यक्ष भेटले. सर्व समाधानी.’ खाली शेरा मारला : ‘गावात गुडघेदुखीची साथ. तेवीसही जणांना लागण. डॉक्टर दर आठवड्याला पाठवावा.’

परतीची एसटी सुरू झाली तसे मामा लंगडत खिडकीशी आले.

“बाई, येक मागू?”

“मागा की, मामा. काय वाट्टेल ते मागा.”

“पुसायला येखादं फडकं धाडा. मऊ असंल तर बरं.”