दोन हाकांमधलं अंतर

उमरग्यात हायवेला लागून असलेल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नावनोंदणीला बसते. त्या दुपारी माझी आई, हरणाबाई, मोतीबिंदू दाखवायला सास्तूरहून आली होती. ऑपरेशन होऊन तिला पुन्हा नीट दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

आमच्याकडं पेशंटची नावं कॉम्प्युटर पुकारतो. तो प्रोग्रॅम आमचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सोमेशनं लिहिलाय. मीच त्याला सांगितलं होतं, नाव दोनदा घे, मधे थोडं थांब. आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका पहिल्या हाकेला उठत नाहीत. एकदाच आलेली हाक माणसाची नसते म्हणतात. सोमेश हसला, पण पाच सेकंदांचा थांबा घातला.

त्या दिवशी कॉम्प्युटर नवा होता.

"हरणाबाई..." स्पीकर बोलला आणि गप्प झाला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. दुसरी हाक येईना.

"ऊठ ना, आई."

बाकावरूनच आईनं मान हलवली. "एका हाकेला ओ देऊ न्हाय, बाई."

तेवढ्यात तपासणीच्या खोलीकडून हळूच ओ आली. आवाज आईचा होता. दाराचा पडदा हलला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरभर येत होता तसा, पडलेल्या भिंतींच्या मातीचा वास आला.

मी सोमेशला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, ते सेकंदाचे हजार भाग मोजतं, म्हणून थांब्याला पाच हजार लिहिले होते. नव्यावर लिनक्स आहे, ते सरळ सेकंद मोजतं. आकडा बदलायचा राहून गेला.

"तासाच्या वर थांबंल, मावशी. बिघडला न्हाय, झोपलाय. वेळ झाली की दुसरी हाक देणारच."

मी फोन ठेवते तोवर डॉक्टर बाहेर आले. हरणाबाईंच्या डोळ्यांत थेंब टाकलेत, म्हणाले, बाहुल्या मोठ्या झाल्या की तपासू. मी आत डोकावले. स्टूल रिकामं होतं.

"आत्ता तर... इथंच होत्या," डॉक्टर म्हणाले.

मी कॉम्प्युटरची वायर ओढून काढली आणि आईला घेऊन निघाले. पायरीवर येताच तिनं पदर डोळ्यांवर ओढला. ऊन सोसंना, म्हणाली. मी पदर बाजूला करून बघितलं. दोन्ही बाहुल्या काठापर्यंत पसरल्या होत्या. ती तर निघेपर्यंत बाकावरून उठलीही नव्हती.

त्या बाहुल्या अजून तशाच आहेत. डॉक्टर म्हणतात, त्या अशा का राहिल्यात ते कळल्याशिवाय ऑपरेशन नाही.

काल तिन्हीसांजेला चहा गाळून मी आईला हाक मारली. ती माझ्यासमोरच बसली होती, ओठ मिटून. ओ आली ती आतल्या खोलीतून.

चहा निवून गेला. दुसरी हाक मारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.