शहबाची पुढची चाकं

झुवैनाला आधी दिसले ते त्याचे पाय.

ती गाडीच्या पुढच्या चाकाशी जवळजवळ आडवीच झाली होती, त्यामुळे फाटकातून आत येणारा माणूस तिला घोट्यापर्यंतच दिसत होता. चामड्याच्या चपला, पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशाची किनार, आणि चाल अशी की डावा पाय जरा जास्तच ऐटीत टेकायचा.

"अस्सलामु अलैकुम. मेकॅनिक कुठंय? इब्र्याच्या दुकानातून चाकांचे हब आणलेत."

"वअलैकुम अस्सलाम. तिथे चटईवर ठेवा," ती चाकाआडून म्हणाली. "आणि मेकॅनिकशीच बोलताय तुम्ही."

पाय जागच्या जागी थांबले. मग गुडघे वाकले आणि एक चेहरा खाली आला... सावळा, हसरा, डोक्यावरची नक्षीची टोपी पडू नये म्हणून एका हाताने धरलेली. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही असं झुवैनाने ठरवलं, आणि बघितलंच.

"ऑर्डर सईद बिन हमूद यांच्या नावावर आहे," तो जरा चाचरला.

"ते माझे बाबा. तिकडे खजुरीखाली झोपलेत — म्हणजे तसं दाखवतायत. मी झुवैना. शाळेत गणित शिकवते, आणि गुरुवारी दुपारी शाळा सुटली की ही गाडी."

"मी अझ्झान. दुकान काकांचं. माल पोचवणारा माणूस आज सुट्टीवर आहे, म्हणून मला यावं लागलं." त्याने तिच्या ग्रीसने माखलेल्या हातांकडे आणि कपाळावर उमटलेल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. "आता वाटतंय, त्याला रोजच सुट्टी द्यावी."

खजुरीखालून बाबांचा खोकला आला. मोठा, आणि अगदी वेळेवर.

शहबा ही गाडी झुवैनापेक्षा वयाने मोठी. राखाडी-पांढरी म्हणून बाबांनी तिला त्यांच्या लाडक्या सांडणीचं नाव दिलेलं. एकेकाळी बिदियाच्या वाळूत शहबा जाणार नाही अशी जागा नव्हती. तिच्या पुढच्या चाकांचे हब आपोआप लागणारे होते; वाळू आली की पुढची चाकं आपण होऊन इंजिनाशी जोडली जायची. आता मात्र ते आपल्या मर्जीचे मालक झाले होते. मागच्या महिन्यात बाबा एकटेच विहिरीवरच्या उंटांकडे निघाले, आणि मोठ्या टेकडीच्या उतारावर हब लागलेच नाहीत. मागची चाकं वाळू उकरत राहिली, गाडी पोटापर्यंत रुतली. गुडघे धरलेला म्हातारा माणूस, चालत कुठे जाणार? संध्याकाळी शेजारच्यांनी बाहेर काढेपर्यंत ते गाडीत बसून होते.

ही बातमी मस्कतला बद्रच्या, म्हणजे झुवैनाच्या थोरल्या भावाच्या, कानावर गेली. तो आला. बाबांनी त्याच्या हातात कॉफीचा कप दिला, आणि बद्रने तो न पिता त्यांच्यासमोर चटईवर ठेवला. काही मागायला आलेला पाहुणा असं करतो. मागणं मान्य होईपर्यंत तो घोट घेत नाही, आणि त्याला तसाच परत पाठवणं घराला शोभत नाही. पण पोटच्या पोराने बापासमोर कप ठेवायचा? बाबा कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत राहिले.

"तुम्ही माझ्याकडे राहायला या, बाबा. एवढंच मागतो," बद्र म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

"शहबा टेकडी चढून विहिरीवर गेली नाही, तर येईन," बाबा म्हणाले. "पुढच्या खेपेला तू येशील तेव्हा बघू. शब्द दिला. पी."

बाबा मस्कतला म्हणजे झुवैनाही मस्कतला. तिथे फ्लॅट, लिफ्ट, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची खिडकी. बाबा तिथे मिटून जातील हे तिला माहीत होतं. आणि आपणही, हेही. बद्र उद्या, शुक्रवारी येणार होता.

म्हणून तिने हाताने फिरवायचे हब मागवले होते. त्यांचं तिला आवडायचं ते हेच, की ते कुणाच्या मर्जीवर चालत नाहीत. गाडीतून उतरायचं, चाकाशी वाकायचं, मधली चकती फिरवायची, की चाक जोडलं गेलं. मात्र डावीकडचीही फिरवायची आणि उजवीकडचीही. एकाच बाजूची फिरवून भागत नाही.

माल पोचला होता. अझ्झानने निघायला हरकत नव्हती. पण बाबा 'जागे' झाले, खजूर आले, कॉफी आली. कप हलवला नाही तर ओतणारा ओततच राहतो, म्हणून त्याने रीतीप्रमाणे तो हलवून पुरे म्हटलं, आणि मग बाह्या सरसावून सरळ उजव्या चाकाशी येऊन बसला.

"दिशदाशा खराब होईल," झुवैना म्हणाली.

"आई धुवेल."

"आईकडून धुवून घेता? या वयात?"

"बरं... मी धुवेन. झालं समाधान?" तो हसला. "तुम्ही वर्गातही असंच बोलता का?"

"वर्गात मुलं गप्प बसतात."

डावा हब तिने एकटीनेच कसाबसा बसवला, मग ती उजवीकडे वळली. उजव्याचे नट सुटले, पण त्यांच्याखालचे शंकूच्या आकाराचे छोटे वॉशर गंजून चिकटले होते. तिने पितळी हातोडीने हबच्या कडेवर ठक-ठक केलं. मध्ये थांबून, पुन्हा ठक. एकेक वॉशर टुणकन सुटून बाहेर येत गेला. अझ्झान बोलायचा थांबला होता. हातोडीकडे बघतोय की हाताकडे, ते काही तिला कळलं नाही. जुना हब निघाला, ग्रीस पुसलं, नवा गास्केट बसला, नवा हब बसला. आता राहिली सर्क्लिप, स्टीलची ती बोटभर कडी. आतला दांडा बाहेर ओढून धरायचा, खाच दिसली की कडी तिच्यात अडकवायची. काम खरं तर दोघांचं.

"आधी खाली चादर अंथरू," ती म्हणाली. "कडी उडाली तर वाळूत सापडायची नाही."

"उडायला मी काय नवशिका आहे? द्या ती पक्कड. तुम्ही फक्त दांडा ओढून धरा."

तिने दांडा ओढला. तो वाकला. त्याच्या दाढीला उदाचा वास होता, नुकत्याच जाळलेल्या, गोडसर उदाचा... आणि त्यांचे खांदे एकमेकांना लागताहेत हे दोघांनाही एकदमच कळलं असावं, कारण त्याच क्षणी पक्कड घसरली.

टिंग!

"अरे, काय केलंस हे!"

"मी—"

"चादर म्हणाले होते की नाही? म्हणाले होते की नाही?"

"म्हणाली होतीस." तो आता पुरता पडलेल्या चेहऱ्याने वाळूकडे बघत होता. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "दुसरी कडी दुकानात आहे. जाऊन आणतो."

"तू पोचेपर्यंत काका दुकान बंद करून मशिदीत. आणि उद्या शुक्रवार." ती उठून उभी राहिली. "ऊठ. शोधायचं. ती जमिनीत गेली असली तरी बाहेर काढीन मी."

तिने घरातून मोडक्या रेडिओचं लोहचुंबक आणलं. त्याला दोरी बांधून ती वाळूतून फिरवायला लागली, आणि अझ्झान पीठ चाळायची चाळणी घेऊन ओंजळ-ओंजळ वाळू चाळत बसला. कुठलाकुठला खिळा मिळाला, बाटलीचं बूच मिळालं. कडी काही मिळेना.

"इतकं काय आहे या शुक्रवारात?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. कप, शब्द, मस्कत... सगळंच. आपण हे परक्या माणसाला का सांगतोय असं तिला एकदाही वाटलं नाही, याचंच तिला नंतर नवल वाटलं. तो ऐकत होता. चाळणी हातात तशीच राहिली होती.

"तू मस्कतला नाही जायचंस," तो अखेर म्हणाला.

"हे तू कोण ठरवणार?"

"कोणी नाही. अजून तरी... कोणी नाही."

झुवैना दोरीची गाठ सोडवायला लागली. गाठ सुटलेलीच होती.

"डावीकडे," खजुरीखालून बाबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "त्या झुडपाच्या अलीकडे. कडी पडली तेव्हा तिथली वाळू उडाली."

बाबा वाळूवरचा माग काढणारे. हरवलेला उंट नुसत्या पावलांवरून हुडकणारा माणूस. चुंबक झुडपाशी नेताक्षणी कडी टप्पकन येऊन चिकटली.

"बाबा! मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं?" म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "आणि चांगलं चाललं होतं की तुमचं."

या वेळी चादर अंथरली गेली. कडी बसली, झाकण बसलं, चकती फिरली. निघताना अझ्झान बाबांना सलाम करून फाटकापर्यंत गेला आणि तिथून वळला.

"दोन्ही बाजू फिरवायच्या हं. विसरू नकोस."

"मला शिकवतोस?"

"नाही. उगाच... तुझ्याशी बोलायला काहीतरी म्हणालो."

शुक्रवारी सकाळी झुवैना कॉफी घेऊन बाहेर आली, तर बाबा काठीवर रेलून फाटकाबाहेरची वाळू वाचत होते.

"तो येऊन गेला," ते म्हणाले.

"कोण?"

"डावा पाय ऐटीत टाकणारा. दव पडून गेल्यावर आला. वरचा ओला पापुद्रा मोडलाय बघ. इथे उभा राहिला... बराच वेळ. टाचा किती रुतल्यात. मग परत गेला."

"हब तपासायला आला असेल," ती घाईघाईने म्हणाली.

"गाडी त्या बाजूला आहे, पोरी. तो तिकडे फिरकलासुद्धा नाही."

झुवैना त्या दोन खोल ठशांकडे बघत राहिली. कॉफी गार व्हायला लागली. तिला हसू आवरेना आणि ते बाबांना दिसू नये असंही वाटेना. आपल्याला हा माणूस हवाय, एवढं तिला तिथेच, उभ्याउभ्या, लख्ख कळलं.

दुपारच्या नमाजानंतर बद्र आला. त्याच्यामागोमाग आणखी एक गाडी फाटकाशी थांबली.

"एक वॉशर जास्तीचा द्यायचा राहिला होता," अझ्झान बद्रला सांगत होता. एका वॉशरसाठी इब्र्याहून इथवर! बद्रने बहिणीकडे पाहिलं. बहीण आभाळाकडे बघत होती.

कडक जमीन संपून वाळू सुरू होते तिथे झुवैनाने शहबा थांबवली. चाकांतली हवा कमी केली. डावी चकती फिरवून ती उजवीकडे गेली, तर अझ्झान तिथे आधीच वाकलेला.

"फिरवली," तो म्हणाला.

तिने तरी हात लावून बघितलंच.

"विश्वास नाही?"

"कड्या उडवणाऱ्यावर? नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सकाळी येऊन परत का गेलास?"

तो दचकला. "कुणी... कुणी सांगितलं?"

"तुझ्या टाचांनी. काय काम होतं?"

"सांगेन. वर गेल्यावर."

बाबा तिच्या शेजारी बसले, दोघे पुरुष मागे. मोठी टेकडी समोर उभी राहिली. "हळू घे, झुवैना, हळू," बद्र मागून घाबरत म्हणाला. तिने हळू घेतली, आणि माथा हाताच्या अंतरावर असताना शहबा थबकली. इंजिन घुरघुरलं. वाळू मागे उडाली.

"पुरे झालं आता," बद्र म्हणाला. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे तिने नंतर त्याच्या बाजूने धरलं. "बाबा, बघितलंत ना? पुरे."

बाबांचा हात दाराच्या मुठीवर घट्ट होता.

"थांबली ती तुझं ऐकून," झुवैना म्हणाली. "आता माझं ऐकेल."

तिने गाडी सरळ मागे, पार पायथ्यापर्यंत उतरवली. मग पाय दाबला आणि उचललाच नाही. शहबा गर्जत सुटली. पुढची चाकं वाळूला भिडली, ती कशी पकडतायत ते स्टिअरिंगमधून थेट तिच्या मनगटांना कळत होतं. वर, वर, अजून वर... आणि समोर नुसतं आभाळ! मग नाक खाली झालं आणि खाली विहीर दिसली, झावळ्यांची झोपडी दिसली, आणि मान उंचावून गाडीकडे बघणारे उंट. बाबांनी मूठ सोडली. त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि ते लहान मुलासारखे हसले.

झोपडीत कॉफी बद्रने केली. पहिला कप त्याने बाबांना दिला, दुसरा स्वतः उभ्याउभ्या पिऊन टाकला. "माझं मागणं संपलं," तो म्हणाला, आणि बापाच्या कपाळाचं त्याने चुंबन घेतलं. मग त्याने अझ्झानला कप दिला.

अझ्झानने तो घेतला. क्षणभर हातात धरला. आणि बाबांसमोर चटईवर ठेवला.

बाहेर एक उंट गुरगुरला.

"बोल पोरा," बाबा म्हणाले.

"पहाटे यासाठीच आलो होतो," तो म्हणाला, आणि त्याने नजर खाली घातली नाही. "धीर झाला नाही. माझी आई आणि काका रीतीने येतीलच. पण आधी मी स्वतः मागतोय... झुवैना. मस्कतला नाही नेणार तिला. इब्र्यालाही नेणार नाही, ती म्हणेल तर. मीच इकडे येईन."

बाबांनी कपाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मागच्या कपाला मी तिला न विचारता शब्द दिला होता," ते म्हणाले. "ती चूक पुन्हा नाही. हा कप तिचा."

सगळे तिच्याकडे बघत होते. झुवैनाला वाटलं होतं की असल्या वेळी लाज वाटते, जीभ अडखळते. तसं काही झालं नाही. तिने पुढे होऊन तो कप उचलला. ग्रीसचा काळा डाग अजून तिच्या अंगठ्यावर होता. कप तिने त्याच्यासमोर धरला.

"गार होतेय," ती म्हणाली. "पी."

तो प्यायला. इतका गडबडला होता की कप हलवून पुरे म्हणायचं राहूनच गेलं, आणि बद्र आपला हसत हसत ओतत राहिला.