पाठ केलेला मनोरा

“पास झाली पोरगी. आता त्या शिकवणीच्या बाईकडे तिला ओढत न्यायचं बंद,” असं म्हणत सासूने सुनेच्या हातातली शिकवणीची पिशवी हिसकावली आणि खुंटीला अडकवली.

सातवा महिना लागता लागताच जन्मलेली ही मुलगी. काचेच्या पेटीत तिला पाहून काका म्हणाला, “ही तर पावशेर.” तेच नाव चिकटलं. जगेल, पण समज आणि बोलणं कुठवर जाईल याचा अंदाज दोन वर्षांनी तपासूनच येईल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. सुनेने नोकरी सोडली, रोज खास शिकवणीला नेलं. आणि आज पावशेरने ठोकळ्यांचा मनोरा रचला, चित्रं धडाधड ओळखली: मांजर, किल्ली, चमचा. पुढेही चांगलंच दिसतंय, शिकवणी थांबवा, म्हणाल्या डॉक्टरबाई.

“पण आई, घरात ‘चमचा आण’ म्हटलं तर ती माझ्याकडे नुसती बघते...”

“तुला पोर अधूच हवी. म्हणजे नोकरी सोडल्याचं पुण्य पदरात पडतं.”

नवरा नेहमीसारखा भिंतीचा रंग न्याहाळत राहिला. सुनेच्या काळजाला घरं पडली. पण एकटी आई आणि समोर अख्खं घर, कोण ऐकतंय... पिशवी खुंटीवरच राहिली.

दोन वर्षांनी शाळेने पावशेरला परत पाठवलं. तिघी पुन्हा डॉक्टरबाईंसमोर बसल्या.

“बाळा, या ठोकळ्यांचा पूल कर. असा.”

पावशेरने मनोरा रचला आणि आजीकडे वळून आ केला.

डॉक्टरबाईंनी घोड्याचं चित्र धरलं. “मांजर.” छत्रीचं धरलं. “किल्ली.” बुटाचं धरलं. “चमचा.” प्रत्येक शब्दामागे तो उघडा, वाट बघणारा जबडा.

“आजी, ती तुमच्याकडे काय मागतेय?”

“साखर,” आजी पुटपुटली. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेली बाई. साहेब तपासणीला यायचे तेव्हा वर्गाकडून उत्तरं घोकून घ्यायची, शाबासकी मिळवायची. पावशेरच्या परीक्षेआधीच्या भेटीत डॉक्टरबाईंचे ठोकळे आणि चित्रं बघून तशीच विकत आणली होती तिने, साखर देऊन पाठ करून घेतली होती. “वाटलं, एकदा पास झाली की सुटली... कुणी तिला अधू म्हणायला नको...”

“मी तिचं पुढचं आयुष्य वाचायला बसले होते, आजी. तुम्ही मला तुमचं अक्षर दाखवलंत. शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं होती ती. आता किती भरून निघेल, सांगवत नाही.”

घरी येताच म्हातारी सुनेच्या पायाशी कोसळली. “मला माफ कर गं. तू घसा फोडून सांगत होतीस...”

“उठा. तुमच्या रडण्याने तिला एक शब्द येणार नाही.” सुनेने खुंटीवरची पिशवी काढली, झटकली, म्हातारीच्या मांडीवर टाकली. “शिकवायची हौस होती ना? मग शिकवा. चमचा. साखर नाही, शाबासकी नाही.”

आजीने पिशवीतला चमचा पुढे धरला. “हे काय, सोन्या?”

“मांजर,” पावशेर म्हणाली आणि तिने आ केला.

म्हातारीचा हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला... सुनेने तो वाटेतच पकडला, क्षणभर घट्ट दाबला, आणि ती पहिल्यांदाच सासूच्या शेजारी जमिनीवर टेकली.

“पुन्हा, आई.”

पावशेर आ करून बसली होती.