उथळ कुंडीतलं डाळिंब

जानेवारीतल्या एका शनिवारी श्यामला अंबूला घेऊन टाउन हॉलच्या बागेत बोन्सायचं प्रदर्शन बघायला शिरली, ती खरं तर डॉक्टरांकडून परतताना. डॉक्टरांनी अंबूला पुन्हा भिंतीवरच्या पट्टीला उभी केली होती. चौथं वर्ष सरत आलं तरी उंची दीड वर्षापूर्वीचीच. "खाते, खेळते, मग काळजी कसली? टॉनिक चालू ठेवा," ते म्हणाले होते. श्यामला बी.एस्सी. झालेली, आकडे तिला कळत होते. बोटभरसुद्धा फरक नव्हता.

मांडवात गारवा होता, ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास होता. पांढऱ्या चादरींवर झाडं मांडली होती. गुडघ्याएवढा वड, पण पारंब्या पार मातीत टेकलेल्या. दगडाला मुळांनी कवटाळून बसलेला उंबर. कुंडीच्या कडेवरून धबधब्यासारखी खाली झेपावलेली बोगनवेल. जन्मभर वारा सोसल्यासारखी एकाच अंगाला कललेली चिंच. एका पसरट ताटात तर सुरूची अकरा झाडं, म्हणजे अख्खं रानच.

"आयला, साठ वर्सांचा वड आन् माझ्या मांडीएवढा!" एक फेटेवाला म्हणाला, आणि मागची माणसं हसली. श्यामलाही हसली. कितीतरी दिवसांनी.

अंबू एरवी सगळीकडे हात लावत सुटायची. आज ती आईचं बोट ओढत थेट शेवटच्या टेबलापाशी गेली आणि थांबली.

तिथं वीतभर डाळिंब होतं. डाव्या फांदीवर, वळण द्यायला, तांब्याची तार गुंडाळलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वय चार'.

टेबलामागे पांढऱ्या टोपीतले एक माळी बसले होते; छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, आप्पासो. बाकी बहुतेक झाडंही त्यांचीच होती. ते श्यामलाकडे बघून ओळखीचं हसले.

"वळीकलं न्हाय व्हय? तुमचंच झाड हाय की, बाई. बावड्यात कारखान्यामागं ऱ्हात हुतासा न्हवं? सामान ट्रकात चढत हुतं. म्या इचारलं, ह्ये न्हेऊ का? तुम्ही म्हणालासा, न्या."

म्हणाली होती. शिवाजी पेठेतल्या नव्या घराची तिला घाई झाली होती.

अंबूची नाळ त्या घरामागे पुरली होती. बाळंतपण करायला आलेल्या चिमणाबाईनं त्या जागेवर डाळिंब लावलं होतं. "ह्ये हलवायचं न्हाय बरं का, वैनी," असं तिनं दोनदा बजावलं, आणि दोन्ही वेळा श्यामलानं मान डोलावून हसण्यावारी नेलं होतं.

घर सोडल्याला दीड वर्ष झालं होतं.

आप्पासोंनी पक्कड उचलली. "तार रुतली बघा. आज सोडवाय पायजे." त्यांनी एक वेढा सोडवला.

"आई, गार वाटलं," अंबू म्हणाली आणि डावा हात चोळू लागली.

श्यामलानं तिच्या स्वेटरची बाही वर केली. दंडाभोवती तांबूस वळ होते. तिरके, एकाखाली एक.

"मुळं... मुळंही कापता?"

"कापाय लागत्यात की. गेल्या साली संक्रांत झाल्यावर कापली. आता ह्या आठवड्यात परत."

गेल्या संक्रांतीनंतर अंबू आठ दिवस तापानं फणफणली होती.

"नाही कापली तर?"

"कुंडीत गुदमरून मरंल."

"आणि जमिनीत लावलं तर?"

"लागलं तर लागलं, न्हायतर गेलं." आप्पासोंनी खांदे उडवले. "कुंडीत मातर शंभर वर्सं जगतंय. फकस्त कापत ऱ्हायाचं."

"मला परत द्या ते."

तिचा आवाज इतका चढला की माणसं वळून बघू लागली. आप्पासो काही बोलणार होते. मग त्यांची नजर अंबूच्या उघड्या दंडावर गेली. त्यांनी कुंडी उचलून दिली. वर मुळं कापायची कात्रीही ठेवली.

नवऱ्याला तिनं सांगितलं, शोभेला आणलंय.

परसात तिनं स्वतः खड्डा खणला. शेणखत घातलं. तीनदा कुंडी घेऊन त्याच्या काठाशी गेली.

लागलं तर लागलं.

चौथ्यांदा ती फावडं घेऊन गेली, आणि खड्डा बुजवला.

त्याला आता सहा वर्षं झाली. अंबूच्या बरोबरीच्या मुली पाचवीत गेल्या. संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी श्यामला गच्चीवर वर्तमानपत्र पसरते. तापाचं औषध आधीच आणून ठेवते. अंबूला शेजारी खेळायला धाडते.

या वर्षी अंबू गेली नाही. एकेक पायरी दोन्ही पावलांनी चढत वर आली आणि आईच्या मांडीला टेकून बसली. श्यामलानं झाड कुंडीतून उपसलं, माती झटकली, एक जाड मूळ कात्रीत धरलं.

"ते नको," अंबू म्हणाली. "त्यानं मी चालते."

श्यामलानं कात्री शेजारच्या मुळाला लावली आणि अंबूच्या तोंडाकडे पाहिलं.