स्टामरच्या चित्रातलं धुकं

माझ्या नवऱ्याला, लेबरेख्त स्टामरला, पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुडिओतल्या मोठ्या आरशावरचं काळं फडकं काढायला गेले. घरात मयत असेपर्यंत आमच्याकडे आरसे झाकून ठेवतात. गेलेला माणूस घराबाहेर पडला की उघडतात. बाकीचे आरसे मोलकरणीने, ट्रीनाने, उघडले होते. एवढाच राहिला होता.

मला रडायला यायला हवं होतं. आलं नाही. डॉक्टरांनी हातआरसा त्याच्या नाकाशी धरला, काच स्वच्छ राहिली, तेव्हाही आलं नव्हतं. दाबून बधिर झालेला पाय जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

लेबरेख्तने ड्युसेलडॉर्फमध्ये जन्मभर काय केलं? चित्रकलेच्या प्रोफेसरांच्या चित्रांतली आभाळं रंगवली, पडदे रंगवले, गिरणीमालकांच्या पोटावरच्या घड्याळाच्या साखळ्या रंगवल्या. खाली सही प्रोफेसरांची. स्वतःची चित्रं तो कलामंडळाच्या दालनात पाठवायचा आणि ती बिचारी मुकाट्याने परत यायची. आजारपणात याच आरशासमोर बसून त्याने स्वतःला रंगवलं. मला म्हणाला, "हे एकदा त्या दालनात लागू दे. एकदाच." मी शब्द दिला. आता तो मेल्यावर दालनाला त्याची आठवण झाली होती. रविवारी चित्र लागणार होतं.

फडक्याला हात घालणार तोच वास आला. तापलेल्या डांबराचा. मी चित्राकडे वळले. लेबरेख्त होता तसाच होता, जरा चिडका, मान किंचित वाकडी. पण त्याच्या मागचा तपकिरी अंधार वितळून खाली ओघळला होता, आणि त्याच्या खांद्यामागे एका बाईचा चेहरा उघडा पडला होता.

तो माझा होता.

चित्र न्यायला आलेले फोल्कमार ह्यूसगेन, नवऱ्याचे जुने दोस्त, चष्मा कपाळावर चढवून वाकून बघत राहिले.

"वहिनी, इथे शेगडी पेटवली होती?"

"हो. तो इथेच ठेवलेला होता ना. हात फार गार पडले होते त्याचे."

"अहो, मयताच्या खोलीत शेगडी पेटवतं का कुणी!" ते हसले. "डांबराचा तपकिरी रंग आहे हा. वर्षानुवर्षं वाळत नाही, ऊब लागली की घसरतो. हजारदा सांगितलं लेबरेख्तला, पण ऐकेल तर शपथ. त्याने आधी तुम्हाला काढलं असेल, मग वरून झाकून टाकलं. लाजला असेल म्हातारा."

"भाऊजी... टोपी बघा."

चित्रातल्या माझ्या डोक्यावर विधवेची काळी टोपी होती. तिची उजवी नाडी पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली होती. मी माझ्या टोपीची नाडी त्यांच्यापुढे धरली. तो गेला त्या संध्याकाळी घरातला काळा दोरा संपला, म्हणून ट्रीनाने ती पांढऱ्याने टाचली होती.

ह्यूसगेननी लेबरेख्तचाच ब्रश उचलला, तपकिरीत बुडवला.

"झाकून टाकतो. लोक... लोक उगीच विचारतील."

"रविवारपर्यंत वाळेल?"

"नाही."

"ओलं चित्र घेतील ते?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तरी ब्रश पुढे नेला. तो चित्रातल्या माझ्या तोंडाजवळ गेला आणि माझा श्वास अडकला, कुणी तोंडावर उशी दाबावी तसा. मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. मी शब्द दिलाय. आहे तसं न्या."

त्यांनी वरून लगेच वाळणाऱ्या वार्निशचा एक हात दिला आणि चित्र नेलं. त्या गडबडीत आरसा झाकलेलाच राहिला.

रविवारी दालनात लेबरेख्तसमोर गर्दी होती. ज्या प्रोफेसरांची आभाळं त्याने रंगवली होती, ते हॅट काढून उभे होते. मी मनात म्हटलं, बघ रे, लागलं तुझं चित्र. आनंद व्हायला हवा होता. तोही झाला नाही. लोक मात्र माझ्याच चेहऱ्याकडे बोट दाखवत होते. बाई किती जिवंत वाटते, म्हणत होते.

ह्यूसगेननी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खालचा होता.

"वहिनी, दमट हवेत नवं वार्निश धुरकटतं, मला ठाऊक आहे. पण सगळीकडे धुरकटायला हवं ना... हे फक्त तिथेच."

"कुठे?"

"तुमच्या तोंडाशी. सकाळपासून पुसतोय."

त्यांनी रेशमी रुमालाने पुसून दाखवलं. चेहरा लखलखीत झाला. मग ओठांपुढे अंगठ्याएवढं धुकं उमटलं, विरलं, पुन्हा उमटलं. संथ, झोपलेल्या माणसासारखं.

घरी आल्यावर मी ट्रीनाला हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून आरशावरचं फडकं खाली ओढलं. आरशात मी होते, माझी टोपी होती. काचेवर धूळ बसली होती. ट्रीनाने तिच्या बाजूच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली, एप्रनने पुसली. मीही वाकले, ओठ काचेला जवळजवळ टेकवले आणि दीर्घ श्वास सोडला.

काच स्वच्छ राहिली.

"परत करा ना, बाईसाहेब," ट्रीना म्हणाली.

मी परत केलं.

तिने एकदा काचेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. खाली पडलेलं काळं फडकं उचललं, झटकलं, आणि नीट टोकं जुळवून पुन्हा आरशावर घातलं.