काडीपेटी आणि अडकणारी डीव्हीडी

"थांबा, आता माहा हात वर जाईन," आरती म्हणाली आणि तिघांनी श्वास रोखून धरला.

पडद्यावर नाटकातल्या आरतीने हात वर केला खरा, पण तो खाली येईचना! आवाज मात्र पुढे पळत होता. संवाद झाला, लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि ही बया बस थांबवायला उभी असल्यासारखी अजून हात वर करूनच! छोटा मुजम्मिल हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याच्या बहिणीला, निखतला मात्र मुळीच हसू येईना.

तेल्हाऱ्याच्या वाचनालयातला हा जुनापुराणा कॉम्प्युटर सुट्टीपुरता निखतच्या ताब्यात होता. अमरावतीच्या एका कॉलेजने टाकून दिलेला, तो वाचनालयाचे अध्यक्ष महादेवराव मागून घेऊन आले होते. त्यांनी वाचनालयाची किल्ली आठवीत गेलेल्या निखतच्या हातात दिली, आणि तेव्हापासून चिटणीस शेषरावकाकांच्या कपाळावरची आठी काही हलली नव्हती. "हा खटारा भंगारात टाका, अन् या पोट्ट्यायले बाहेर काढा," हे त्यांचं पालुपद. आता तर त्यांनी मुदतच घातली होती. मुलांनी अमरावतीच्या स्पर्धेत केलेल्या नाटकाची डीव्हीडी रविवारी सगळ्या पालकांना दाखवायची होती. ती नीट चालली तर ठीक, नाहीतर कॉम्प्युटर भंगारात आणि मुलांना वाचनालयाचं दार बंद!

शिवाय निखतच्या अम्मीला अमरावतीला जाता आलं नव्हतं. आपली लेक रंगमंचावर कशी दिसते, हे तिने अजून पाहिलंच नव्हतं.

तिघांनी तपास सुरू केला. पहिला संशय डीव्हीडीवर. ती आरतीच्या घरच्या प्लेअरवर लावली, तर लोण्यासारखी चालली. म्हणजे ती निर्दोष. मग अकोल्याला शिकणाऱ्या आरतीच्या दादाला, नितेशला फोन लावला. त्याने सांगितलं, बाकी सगळं बंद करा आणि चित्र छोटं करून पाहा. चित्र पोस्टकार्डाएवढं केलं. थोडा वेळ बरं चाललं, पुन्हा हात वर!

निखत बारकाईने पाहत होती. कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या चित्र छान पळायचं. अडकायचं ते थोड्या वेळाने. बंद करून जेवून आलं, की पुन्हा छान.

"हा तापून राहिला," ती म्हणाली.

आरतीने मागे हात लावून पाहिला. वारा म्हणून नव्हता. तिच्या घरचा कूलरही जाळीत कचरा भरला की असंच करायचा. मग काय, प्लग काढला, स्क्रू काढले, डबा उघडला. आतल्या पंख्याला पांढराशुभ्र गोळा! कापूस! मुजम्मिलने तो उपसून काढला, निखतने ब्रशने पाती साफ केली, आणि नाटक अथपासून इतिपर्यंत न अडखळता चाललं. तिघं आनंदाने नाचायचेच बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. डबा उघडला, तर पंखा पुन्हा पांढरा.

"कोनीतरी मुद्दाम घालून राहिलं," मुजम्मिल डोळे बारीक करून म्हणाला. आता त्याला सगळ्या गावाचाच संशय यायला लागला. रोज पेपर वाचायला येणाऱ्या बिचाऱ्या नत्थुजी आजोबांचा खिसासुद्धा त्याने चोरून न्याहाळला. खिशात निघाली सुपारी.

तेवढ्यात शेषरावकाका येऊन उभे राहिले. टेबलावरचा कापूस पाहून त्यांना आयतंच सापडलं.

"गादीवाल्याची पोर! अंगावर कापूस घेऊन येते अन् मशीनले दोष देते. उद्या रविवार. परवा किल्ली मले पाहिजे."

निखतच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिच्या अब्बांचं, अब्दुल रहीम यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, हे काही खोटं नव्हतं. खरंच आपल्याच ओढणीवरून येत असेल का? काका गेल्यावर तिने तो गोळा बोटांनी उकलला. आत वाळक्या पानाचा चुरा होता. ती थबकली. अब्बांकडे कापूस यायचा तो जिनिंगमधून, सरकी काढून, साफ होऊन, आणि मग पिंजला जायचा. त्यात पानाचा असा चुरा नसायचा. हा तर शेतातून वेचून आणलेला कापूस! आणि वेचणी तर थंडीबरोबरच कधीची संपली होती.

"आरती, हे टेबल आधी कुठं होतं?"

टेबल आधी खिडकीशी होतं. ऊन लागतं म्हणून गुढीपाडव्यानंतर शेषरावकाकांनी ते मागच्या खोलीच्या बंद दाराला टेकवलं होतं. खोलीत म्हणे जुन्या पेपरांचे गठ्ठे. मग रद्दीला नवंकोरं कुलूप कशाला? मुजम्मिल पालथा पडून दाराखालच्या फटीत डोकावला. आत काळोख. उंबऱ्यावर मात्र पांढरे तंतू, आणि टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याचा पंखा बरोबर त्या फटीच्या तोंडाशी!

अब्बांच्या दुकानात एकच कडक नियम होता. जिथे कापूस, तिथे काडी नाही. बिडी ओढणारा पाहुणा कितीही मोठा असो, त्याला पायरीवरच थांबवायचं. आणि इथे तापलेलं यंत्र दाराला टेकलेलं! निखतने आधी प्लग काढून टाकला.

महादेवराव रविवारपर्यंत अकोल्याला. काकांना विचारावं, तर ते म्हणणार, कापूस हिच्याच अंगावरचा आणि खोलीची किल्ली हरवली. सरळ विचारून उपयोग नव्हता. तिघांची डोकी एकत्र आली आणि बराच वेळ कुजबुज चालली.

रविवारी वाचनालय गच्च भरलं. महादेवराव पुढच्या खुर्चीवर, अम्मी बायकांमध्ये कोपऱ्यात. शेषरावकाका हाताची घडी घालून, आता मजा पाहू, अशा चेहऱ्याने उभे.

निखत उठली. यंत्रात कचरा कुठून येतो ते आधी शोधावं लागेल, असं तिने सगळ्यांना सांगितलं. त्या दाराच्या फटीतून वारा येतो का, ते उदबत्तीच्या धुरावरून लगेच कळेल. मुजम्मिलने उदबत्ती पुढे केली, आरतीने काडीपेटी. निखत दाराशी उकिडवी बसली आणि तिने काडीपेटी उघडायला घेतली.

"काडी नको लावू!" शेषरावकाका खुर्च्या पाडत धावले. "पोरी, आत माहा वर्षाचा कापूस हाये!"

निखतने उठून काडीपेटी महादेवरावांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली. आत एकही काडी नव्हती!

महादेवरावांनी हात पुढे केला. एरवी काकांनी जी हरवली म्हणून सांगितली असती, ती खोलीची किल्ली मुकाट्याने खिशातून बाहेर आली. दार उघडलं, तर माणसाच्या उंचीएवढा कापसाचा ढीग. त्या साली भावच नव्हता, घरोघरी कापूस पडून होता, म्हणून त्यावर कोणी हसलं नाही. घर दोन खोल्यांचं, त्यातच चूल, ठिणगी उडाली तर काय, म्हणून इथे आणला, असं काका खाली मान घालून सांगत होते.

तेव्हा चारचौघांत कधी तोंड न उघडणारी अम्मी उभी राहिली.

"भाऊ, घरात चूल पेटते म्हून कापूस इथं आनला. अन् इथं आमची लेकरं बसतेत, त्याचं काय?"

काका निखतसमोर आले. "चुकलो, पोरी. कापूस माहा होता अन् नाव तुह्यं घेतलं." टेबल उचलून दूर अंगणात न्यायला पहिला हातही त्यांनीच लावला.

"मोठ्यायले जे दिसलं नाई, ते तुमी पाह्यलं," महादेवराव तिघांना म्हणाले. "उद्या कापूस निघाला का ही खोली तुमची. वाचनालयाची अन् खोलीची, दोन्ही किल्ल्या निखतपाशी राहतीन."

पंखा पुन्हा साफ झाला. पडद्यावरच्या आरतीने हात वर केला, सगळ्या मुलांनी श्वास रोखला, आणि हात ऐटीत खाली आला! अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मग निखत रंगमंचावर आली, आणि अम्मी सरकत सरकत पार पडद्याजवळ जाऊन बसली.

नाटक संपलं, माणसं उठू लागली. अम्मी उठेचना.

"और एक बार लगा ना, बेटा."

निखतने कॉम्प्युटरच्या मागे हात धरून पाहिला. वारा मोकळा लागत होता.

"लगाती, अम्मी," ती म्हणाली.